पीएस फाइव्ह की एक्सबॉक्स: टीव्हीखालच्या डब्यामागचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा. मुलासाठी गेमचं मशीन घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोनीचं पीएस फाइव्ह (प्लेस्टेशन ५) की मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, दोन्हीत जास्त ताकदीचं कुठलं?" तेवढ्या उत्तरावर खरेदी केली तर पैसे चुकीच्या जागी पडण्याची शक्यता मोठी आहे. या धंद्यात जास्त ताकदीचं मशीन कमी ताकदीच्या मशीनपुढे हरल्याची उदाहरणं चाळीस वर्षं साचली आहेत. ही स्पर्धा नेमकी कशावर चालते ते आधी समजून घेऊ. आपल्या गल्लीत, आपल्या लाईटवर आणि आपल्या नेटवर काय परवडतं, ते त्यातूनच कळत जाईल.

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, बनवणारी कंपनी ते बाजारात आणते तेव्हा त्यावर फारसं कमवत नाही. पुष्कळदा तोटाच सोसते. सोनीचं प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आलं. लोक किमतीवर ओरडले, आणि तरीही प्रत्येक मशीनमागे सोनीचाच पैसा जात होता. हा पैसा वसूल होतो तो गेममधून. गेम दुसऱ्याच कंपनीनं बनवलेला असला तरी विक्रीतला वाटा मशीनवाल्याला जातो. ऑनलाइन स्टोअरमध्ये हा वाटा साधारण ३० टक्के असतो. स्वस्त प्रिंटर आणि महाग शाई, तोच हा धंदा.

म्हणून कंपनीला तीन गोष्टी हव्या असतात. आपला डबा तुमच्या घरात आधी पोचावा, आपल्या परवानगीशिवाय त्यात कुणाचा गेम चालू नये, आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये. पुढचं सगळं या तिन्हीतून येतं.

कॅसेटमधलं कुलूप

अमेरिकेत अटारी २६०० या मशीनसाठी कुणीही उठून गेम बनवू शकत होतं. बाजारात भिकार गेमचा इतका माल झाला की १९८३ मध्ये तो धंदाच कोसळला. त्याच वर्षी जुलैत जपानमध्ये निंटेंडोनं फॅमिकॉम आणला आणि १९८५ मध्ये तोच वेगळ्या पेटीत घालून एनईएस या नावानं अमेरिकेत नेला. अटारीची गत होऊ नये म्हणून अमेरिकी पेटीत एक लहानशी चिप बसवली, १०एनईएस. एक मशीनमध्ये आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये. सुरू झाल्यावर दोघी एकाच तालात आकड्यांची एकच माळ म्हणतात. ताल चुकला की मशीनमधली चिप प्रोसेसरला सेकंदाला साधारण एकदा रीसेट करत राहते. पडदा चमकत राहतो, लाल दिवा लुकलुकतो आणि गेम काही सुरू होत नाही.

ती चिप फक्त निंटेंडोकडे मिळायची, त्यामुळे अटीही निंटेंडोच्याच. एका कंपनीनं वर्षाला पाचच गेम काढायचे, ते दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही मशीनवर द्यायचे नाहीत, आणि कॅसेटी निंटेंडोकडूनच, आगाऊ पैसे भरून बनवून घ्यायच्या. गेम आपटला तर नुकसान बनवणाऱ्याचं. निंटेंडोचे पैसे आधीच जमा.

आता आपल्याकडची गोष्ट. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतंच. अमेरिकी कॅसेटला ७२ पिना होत्या, जपानीला ६०. तैवान आणि हाँगकाँगच्या कारखान्यांनी ६० पिनांच्या बिनकुलपी मशीनची नक्कल केली, आणि १९९० च्या दशकात आपल्या घरांत आलेले 'टीव्ही गेम' बहुतेक तेच होते. मूळ जपानी मशीन भारतात चाललंही नसतं, कारण ते टीव्ही सिग्नलच्या एनटीएससी पद्धतीचं आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे. चित्र आलं असतं तरी रंग आले नसते. नकली मशीन मात्र पालचं सिग्नल देणारं बनवलं होतं, म्हणून अँटेनाची वायर काढून चॅनेल ट्यून केलं की मारिओ हजर.

असा एखादा जुना डबा माळ्यावर असेल तर त्याचे चार-सहा स्क्रू काढून बघा. आत जवळजवळ काही नसतं. एक लहान हिरवी किंवा तपकिरी पट्टी आणि तिच्या मधोमध सुकलेल्या डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. त्या गोळ्याखाली अख्खा प्रोसेसर, चित्र काढणारा भाग आणि आवाज, सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं. कॅसेटीवर '९९९९ इन १' लिहिलेलं असलं तरी खरे गेम मोजकेच. तोच कॉन्ट्रा नावाचा गेम वेगळ्या नावानं, वेगळ्या लेव्हलपासून, पुन्हा पुन्हा यादीत भरलेला.

आणि ती फुंकर! कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची. गेम सुरू व्हायचा, पण श्रेय फुंकरीचं नव्हे. काढून परत घालताना पिनांवरचा पातळ थर घासला जायचा आणि जोडणी नव्यानं बसायची. तोंडातली वाफ उलट तांब्यावर बसून गंज वाढवायची. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात भिंतीलाही पाणी सुटतं, तिथे हा गंज लवकरच धरतो. कॅसेट आजही चालवायची असेल तर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीला लावून पिनांच्या लांबीच्या दिशेनं पुसा, काडी काळी येईनाशी होईपर्यंत. मग पाच-दहा मिनिटं सुकू द्या. हट्टी काळा डाग साध्या पेन्सिलच्या खोडरबरानं निघतो. पॉलिश पेपर कधीही लावू नका. पिनांवरचा मुलामाच निघून जातो आणि उघडं तांबं आणखी लवकर काळं पडतं.

सेगा वर कशी आली आणि खाली कशी गेली

निंटेंडोला पहिला खरा धक्का सेगा या दुसऱ्या कंपनीनं दिला. तिचं मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ ला आणि अमेरिकेत जेनेसिस नावानं १९८९ ला आलं. निंटेंडोचं पुढचं मशीन अमेरिकेत १९९१ ला आलं. या दोन वर्षांच्या आघाडीचा सेगानं पुरेपूर फायदा घेतला. १९९१ मध्ये सॉनिक हा नवा गेम थेट मशीनच्या पेटीत घातला आणि किंमत १४९ डॉलरवर आणली. जाहिरातीत प्रोसेसरच्या वेगाचा गाजावाजा होता. सेगाचा ७.६ मेगाहर्ट्झ, निंटेंडोचा ३.५८. हे आकडे खरे असले तरी फसवे होते, कारण दोन्ही प्रोसेसर वेगळ्या घराण्याचे आणि निंटेंडोकडे रंग व आवाज कितीतरी सरस. पण लहान मुलाला आकडा कळतो आणि बापाला किंमत.

मग १९९५ मध्ये सेगानं हातातलं घालवलं. सॅटर्न हे नवं मशीन सप्टेंबरात येणार असं सांगून ठेवलं होतं. मे महिन्यातल्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात अचानक जाहीर केलं की ते आजपासूनच मिळेल, किंमत ३९९ डॉलर. माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना दिला. ज्यांना मिळाला नाही ते दुकानदार भडकले आणि गेम बनवणाऱ्यांचे गेम तर अजून तयारच नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस व्यासपीठावर गेला, "दोनशे नव्व्याण्णव" एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. एका आकड्यात सामना फिरला.

सोनी या धंद्यात आली ती निंटेंडोमुळेच. दोघं मिळून सीडीवर चालणारं मशीन काढणार होते. जून १९९१ मध्ये शिकागोत सोनीनं ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोनं आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचं सांगितलं. सोनीतल्या केन कुतारागी या इंजिनीअरनं मग स्वतंत्र मशीनचा आग्रह धरला. ते प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलं. निंटेंडो ६४ पुढे १९९६ मध्ये आलं, प्रोसेसर तगडा, पण माध्यम कॅसेटच. सीडीत ६५० एमबी मावायचे, निंटेंडोच्या सर्वांत मोठ्या कॅसेटीत ६४ एमबी. शिवाय कॅसेट बनवायला सीडीच्या कितीतरी पट खर्च, आणि तोही आगाऊ. गेमवाले रांगेनं सोनीकडे गेले. शेवटी प्लेस्टेशन १० कोटींच्या वर खपलं, निंटेंडो ६४ सुमारे ३.३ कोटी.

कुलूप इथेही होतं, मात्र चिपऐवजी डिस्कवर. खऱ्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागात खाच मुद्दाम किंचित डगमगती ठेवलेली असायची आणि त्या डगमगण्यात चार अक्षरं लपलेली असायची. घरगुती सीडी रायटरला माहिती लिहिता येते, पण खाच डगमगवता येत नाही. म्हणून कॉपी केलेली सीडी चालायची नाही. 'चिप मारलेलं' प्लेस्टेशन म्हणजे काय, तर आत एक लहान चिप झाळून तीच चार अक्षरं मशीनला परस्पर ऐकवायची. त्या चिपनं मशीन वेगवान होत नव्हतं, उलट ओबडधोबड झाळकामानं पुष्कळ मशीनं मेली.

प्लेस्टेशन २ सन २००० मध्ये आलं, त्यात डीव्हीडी चालायची. पुष्कळ घरांनी ते डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतलं. सोनीच्या आकड्यानुसार ते १६ कोटी खपलं. सेगानं जानेवारी २००१ मध्ये मशीनं बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्स घेऊन मैदानात उतरली.

तीन लाल दिवे

मायक्रोसॉफ्टनं सेगाचाच धडा गिरवला: आधी पोचायचं. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये, सोनीच्या वर्षभर आधी आलं. घाईची किंमत मोठी पडली. पॉवर बटणाभोवतीच्या चार दिव्यांपैकी तीन लाल झाले की मशीन गेलं समजायचं. खेळताना चिप तापते, बंद केल्यावर गार होते. प्रत्येक वेळी चिपच्या आतल्या बारीक जोडण्या थोड्या ताणल्या जातात आणि शेकडो फेऱ्यांनंतर एखादी तुटते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षं केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली.

अशा मशीनला हॉट एअर गननं शेक देऊन 'दुरुस्त' करणारे पुष्कळ होते. शेकानं तुटलेली जोडणी तात्पुरती टेकते आणि काही आठवड्यांत पुन्हा सुटते. जुनं ३६० कुणी आज विकायला आणलं आणि "नुकतंच सर्व्हिसिंग केलंय" म्हणालं, तर घेऊ नका.

त्या फेरीत सर्वांत दुबळं मशीन जिंकलं. निंटेंडोचं वी (Wii) हे मशीन २४९ डॉलरचं, हात हलवून खेळायचं, आजी-नातवंडांना एकत्र बसवणारं. ते १० कोटींच्या वर गेलं, उरलेली दोघं साडेआठ कोटींच्या आसपास राहिली.

२०१३ ची फेरी आपल्याकडच्या माणसानं खास लक्षात ठेवावी अशी आहे. मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एक्सबॉक्स वन या नव्या मशीनवर डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं असतील आणि मशीनला २४ तासांतून एकदा इंटरनेट लागेल. सोनीनं २२ सेकंदांचा व्हिडिओ काढला: एकानं डिस्कचा डबा दुसऱ्याच्या हातात दिला, झालं. मायक्रोसॉफ्टनं जूनमध्येच माघार घेतली, पण मशीन सोनीपेक्षा १०० डॉलरनं महाग होतंच. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटींच्या पार गेलं. डिस्क हातोहात फिरवण्याचा हक्क किती मोलाचा, हे आपल्याकडच्या खेळणाऱ्यांना समजावावं लागत नाही. शहापुरात घेतलेला गेम टिळकवाडीत, तिथून वडगावात आणि शेवटी निपाणीमार्गे कोल्हापुरात, असाच तर तो फिरतो.

आज काय बघायचं

पीएस फाइव्ह १०.२८ टेराफ्लॉप, एक्सबॉक्स सिरीज एक्स १२, तिचीच स्वस्त आवृत्ती सिरीज एस ४. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. पहिल्या दोघांतला फरक टीव्हीवर दिसत नाही. दोन्हींच्या पोटात एएमडी या एकाच कंपनीची चिप आहे, मेमरी १६ जीबीच आहे. सिरीज एसचं तसं नाही. तिच्यात मेमरी १० जीबी, आणि ती खरोखर कमी पडते. बाल्डर्स गेट ३ हा गेम सप्टेंबर २०२३ मध्ये पीएस फाइव्हवर आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरात. सिरीज एसवर दोघांनी पडदा वाटून खेळायची सोय बसेना, आणि तेव्हा त्या मशीनपुरती ती सोडूनच द्यावी लागली. ती आली थेट २०२५ मध्ये.

सिरीज एसला डिस्क ड्राइव्हही नाही. भारतात ती आली तेव्हा ३४,९९० ची होती, तर सिरीज एक्स आणि डिस्कवालं पीएस फाइव्ह ४९,९९०. किमती त्यानंतर वाढल्या, पण फरक कशामुळे आहे ते तसंच राहिलं. डिस्क नाही म्हणजे जुना गेम विकत घेता येत नाही, आपला विकता येत नाही, मित्राचा आणता येत नाही. पीएस फाइव्ह भारतात आलं तेव्हा सोनीच्या मोठ्या गेमची छापील किंमत ४,९९९ होती. वर्षाला असे चार घेणाऱ्याचे, खेळून झाल्यावर ते विकले तर, दोन वर्षांत ड्राइव्हचे जादा पैसे वसूल होतात. वर्षाला एखादाच गेम खेळणाऱ्या घरात, किंवा महिन्याची वर्गणी भरून गेम पासवरच खेळणाऱ्याला, सिरीज एस चांगली.

नेटचा हिशेब मात्र आधी करा. मोठा गेम १०० जीबीचा असतो. ४० एमबीपीएसच्या फायबरवर तो साडेपाच-सहा तासांत उतरतो. जांबोटीकडच्या एखाद्या गावात मोबाईल हॉटस्पॉटवर ८ एमबीपीएस मिळत असतील तर अठ्ठावीस तास, तेही नेट एकदाही न तुटता. अशा ठिकाणी डिस्कवालंच मशीन घ्यावं, कारण बराचसा माल डिस्कवरूनच चढतो आणि अपडेटपुरतं नेट लागतं. एक्सबॉक्स पहिल्यांदा सुरू करायला इंटरनेट लागतंच. सुट्या ड्राइव्हच्या पीएस फाइव्ह स्लिमलाही ड्राइव्ह जोडताना एकदा लागतं. गावी नेण्याआधी ते काम शहरातच उरकून घ्या.

आखातातल्या पाहुण्यांनी आणलेली डिस्क आपल्या पीएस फाइव्हवर चालते. पण त्या गेमचे वाढीव भाग भारतीय खात्यातून विकत घेतले तर ते बहुधा जुळत नाहीत, पैसे जातात. निंटेंडो स्विच आपल्याकडे अधिकृतपणे विकलंच जात नाही. दुकानात दिसतं ते परदेशातून आलेलं, त्यामुळे वॉरंटीसाठी दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं.

लाईटचं म्हणाल तर पीएस फाइव्ह मोठ्या गेममध्ये २०० वॉटच्या आसपास ओढतं. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला अठरा युनिट. सिरीज एस साधारण ७५ ते ८० वॉट. संध्याकाळी हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) व्होल्टेज पडतं त्याची फार काळजी नको, आतला सप्लाय १०० ते २४० व्होल्ट सहज झेलतो. धोका आहे तो लाईट अचानक जाऊन झटक्यानं परत येण्याचा. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मशीन आणि ४३ इंची टीव्ही मिळून ३०० वॉटपर्यंत जातात, म्हणजे गेम सेव्ह करून बंद करायला काही मिनिटं मिळतात. त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नये. लाईट सारखी जाणाऱ्या गावात रेस्ट मोड (मशीन पूर्ण बंद न करता झोपवून ठेवणं) बंदच ठेवा.

तरीही पीएस फाइव्ह मधेच बंद पडून गेम उघडेनासे झाले तर दुरुस्तीवाल्याकडे पळण्याआधी हे करा. मशीन पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबून धरा, सात सेकंदांनी दुसरी बीप येईल तेव्हा सोडा. कंट्रोलर यूएसबी वायरनं जोडून पीएस बटण दाबा. समोर यादी येईल, त्यातला कॅश साफ करून डेटाबेस नव्यानं बांधण्याचा पर्याय निवडा. सेव्ह केलेलं जात नाही. त्याच यादीत सगळं पुसून टाकणारे रीसेटचे पर्यायही असतात, त्यांना हात लावू नका.

एप्रिल-मे मधला वळीव याहून वाईट. वीज डिशच्या वायरीतून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि एचडीएमआय वायरीतून मशीनमध्ये येते. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गडगडाट सुरू झाला की पॉवर, एचडीएमआय आणि लॅन तिन्ही वायरी काढा. एचडीएमआय पोर्टमध्ये केसाएवढ्या १९ पिना असतात, वायर तिरकी ओढली तरी एखादी वाकते. नवा पोर्ट बसवता येतो, पण त्याला हॉट एअर आणि मायक्रोस्कोप लागतो. मोबाईलच्या बोर्डावर काम करणारा चांगला कारागीर ते करतो. मात्र त्याला पीएस फाइव्ह उघडायची सवय आहे का ते आधी विचारा. चिप आणि कूलरच्या मधे पेस्टऐवजी पातळ द्रवधातू आहे. कूलर बेफिकिरीनं उचलला आणि त्याचा एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होऊन मशीन कायमचं जातं. उद्यमबागेकडच्या घरात फौंड्रीची काळी धूळ बसते म्हणून कूलर काढायची गरज नसते. बाजूची पांढरी पाटी सरकवून काढली की धूळ साठायची भोकं दिसतात. प्लग काढून व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड तिथे लावायचं, बस.

कंपन्यांची भांडणं आता डब्यावरून दुसरीकडे सरकली आहेत. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी जवळजवळ ६,९०० कोटी डॉलरला घेतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच फोर्झा होरायझन ५ हा गेम सोनीच्या मशीनवर आला. त्यामुळे 'अमुक गेम अमुक मशीनवरच' या कारणाचं वजन घटत चाललंय. गल्लीतली पोरं कुठल्या मशीनवर खेळतात याचं वजन मात्र तसंच आहे, कारण डिस्क त्यांच्याशीच बदलायची असते आणि संध्याकाळी ऑनलाइन त्यांच्याबरोबरच खेळायचं असतं.

जुनं मशीन घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरीच, त्याच्याच टीव्हीवर अर्धा तास मोठा गेम चालवून बघा. एचडीएमआयची वायर हळूच हलवा, चित्र जाता कामा नये. डिस्क दोनदा घाला, दोनदा काढा. आपलं खातं उघडून ऑनलाइन जा, कारण कंपनीनं बंदी घातलेलं मशीन ऑनलाइन गेल्याशिवाय ओळखू येत नाही. विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा. आणि बिल कोल्हापूरचं असो, हुबळीचं असो की गोव्याचं, त्यावरचा सिरियल नंबर मशीनवरच्या नंबराशी ताडून मगच पैसे द्या.